आमच्या परसातलं शिसं

मी म्हैसुरातल्या एका प्रयोगशाळेत मातीचं काम करते. नासलेली जमीन पुन्हा सुधारता येते का, हे बघणं हे आमचं काम. त्या वर्षी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातली माती आमच्याकडे होती. तिच्यात शिसं मुरलेलं होतं. कंपोस्ट, कोळशाची भुकटी, हाडांचं खत घालून ते शिसं मातीतच जखडून ठेवता येईल का, म्हणजे झाडात आणि झाडातून माणसात उतरणार नाही, असा तो प्रयोग होता. तुलनेला एक चांगली, निर्दोष माती लागते. ती कुठून आणायची असं निघालं, तेव्हा मीच म्हटलं की मी घरून आणते.

शहराच्या जुन्या अग्रहार भागात आमचं घर आहे. पुढून अरुंद, मागे लांबलचक परस. तिथं वीस-बावीस वर्षं गल्लीतली एक अक्का पालेभाजी पिकवायची. आम्ही घरात त्याला कन्नडसारखं सोप्पुच म्हणतो. राजगिरा, मेथी, पालक. सकाळी जुड्या बांधून ती दारोदार द्यायची आणि एक जुडी न चुकता आमच्या उंबऱ्यावर ठेवायची. माती काळीभोर, गांडुळांनी भरलेली. यापेक्षा चांगली माती शहरात मिळणार नाही असं मला वाटायचं. मी पाच जागी खणून पिशव्या भरल्या.

निकाल आला तेव्हा मला वाटलं, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. निर्दोष म्हणून नेलेल्या मातीत कारखान्याच्या मातीपेक्षा जास्त शिसं होतं. मी पुन्हा माती नेली. ती स्वतः वाळवली, चाळली, आम्लात शिजवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी परसाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली माती वेगळी तपासली. मागच्या भिंतीपाशी, जुन्या नारळाच्या बुंध्याजवळ, आकडा सगळ्यांत वर होता.

त्या जागी काय होतं, ते मला आठवलं. रंगाचे हौद होते. आम्ही रंगारी. माझ्या आजोबांनी आणि मग अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या परसात कापड रंगवलं. मी दहावीत असताना ते काम बंद झालं, हौद बुजवले गेले, आणि मंडी मोहल्ल्यातल्या दुकानदाराचा माणूस कापड न्यायला यायचा थांबला. मी पंचवीस वर्षं लोकांना त्यांच्या जमिनीचा पूर्वीचा इतिहास विचारत आले होते. स्वतःच्या घरात कधी विचारला नव्हता.

अप्पा तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. दुपारचं जेवण झाल्यावर मी त्यांना पिवळा रंग कसा करायचे ते विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. एका हौदात शिशाचं पाणी, दुसऱ्यात नारिंगी खड्यांचं पाणी. कापड पहिल्यातून काढून दुसऱ्यात बुडवलं की उन्हासारखा पिवळा उमटायचा, असं त्यांनी हात हलवून दाखवलं. तसा पिवळा गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. उरलेलं पाणी कुठं टाकायचात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नारळाच्या बुंध्याशी. आणि कुठं?"

मग मी त्यांना सांगितलं.

"विषच की ते?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"तू त्या पिवळ्यावरच शिकलीस," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आणि ती सोप्पु?"

पानं मी आधीच तपासली होती. पानांत शिसं होतं, आणि पानांना चिकटलेल्या धुळीत त्याहून जास्त. आमच्या आईनं मरेपर्यंत तीच भाजी शिजवली. शेवटची चार वर्षं तिची मूत्रपिंडं निकामी होत गेली. शिशानं मूत्रपिंडं जातात हे मला पुस्तकात पाठ होतं. तिची त्यानंच गेली का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. अप्पांनी ते विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

अक्काला मी सांगणार होते. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करण्यात माझे दोन दिवस गेले. तिच्याजवळ तिची नऊ वर्षांची नात राहायची. लहानपणापासून ती वाफ्यातच खेळलेली, मातीची बोटं तोंडात घालणारी. तिला अक्षरं लागत नव्हती. शाळेनं दोनदा त्याच वर्गात बसवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले, तर अप्पा काठी टेकत परसात पोचलेले होते. अक्का वाकून जुड्या बांधत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं: आपण काय ओतलं, किती वर्षं ओतलं, मुलीनं काय शोधलं. शेवटी म्हणाले, "तप्पु नंदे." चूक माझीच.

अक्कानं हातातली जुडी खाली ठेवली. तिनं अप्पांकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "पोरगी अशी आहे, ती यामुळं का?"

शिशानं मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो, हे खरं. तिच्या डोक्यावर त्यानंच झाला, हे सांगता येत नाही. मी हेच तिला सांगितलं. ते ऐकायला किती भ्याड वाटतं, ते बोलताना कळलं.

तिनं त्याच दिवशी सगळ्या वाफ्यांतली भाजी उपटली. एकटीनंच. मी मदतीला गेले तर हातानंच नको म्हणाली. ढीग पोत्यांत भरून ठेवला आणि मागच्या फाटकातून गेली. त्या पोत्यांचं काय करायचं हा आमचा प्रश्न होता. गुरांना घालता येत नव्हतं, जाळता येत नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर ती पोती गेली.

आम्ही सगळ्यांचं रक्त तपासलं. नातीच्या रक्तात शिसं होतं, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालण्याइतकं. अप्पांच्या आणि माझ्याही होतं. डॉक्टर म्हणाले, आता आणखी आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. झालेलं उलटत नाही.

परसावर मी तोच उपाय केला जो आम्ही कारखान्याच्या मातीवर करत होतो. हाडांचं खत, कंपोस्ट, वर बाहेरून आणलेल्या मातीचा थर आणि घट्ट हिरवळ, म्हणजे धूळ उडू नये. दोन वर्षांनी शिसं बरंचसं जखडलं गेलं होतं. आमच्या शोधनिबंधात त्याला यश म्हटलं आहे. पण शिसं कुठं जात नाही. ते तिथंच आहे, आणि माझ्यानंतर या घरात जो येईल त्यानं तिथं खणू नये, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल. निबंधात आमचं परस 'जागा क्रमांक चार' आहे.

अप्पा त्यानंतर दीड वर्षं जगले. परसाकडचं दार त्यांनी पुन्हा उघडलं नाही. ते गेले तेव्हा गल्लीतली सगळी माणसं आली, अक्का आली नाही.

ती आता पहाटे बाजारातून भाजी आणून विकते. आमच्या दारावरून जाते, थांबत नाही. तरी दर सहा महिन्यांनी नातीचं रक्त तपासायला मी नेते, एवढं तिनं चालू दिलं आहे. आकडा हळूहळू खाली येतोय. अक्षरं आलेली नाहीत. सुई टोचताना पोरगी माझं बोट घट्ट धरते. अक्का बाहेरच्या बाकावर बसून राहते, आणि मी आकडा सांगायला गेले की मान हलवते.