लोखंडाचा जाड आवाज

अंबडच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाचा मास्तर म्हणून लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. तेव्हा गावाकडून निरोप आला की मायवर सोनं उचलल्याचा आळ आला आहे. निरोप घेऊन आलेला माणूस आमच्याच वस्तीतला होता. त्यानं सगळा चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि मगच सांगितलं.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती. माय ज्यांच्याकडं रोजानं वेचायला जायची त्या मालकांची सून बायांची भाकर घेऊन शेतात आली, हौसेनं तासभर त्यांच्याबरोबर वेचू लागली आणि घरी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की डाव्या कानातलं फूल नाही. तिच्या शेजारच्या ओळीत माय होती. एवढंच. पण एवढ्यावर कुणी आळ घेतला नसता. आमच्या घराच्या नावावर आधीचीच एक गोष्ट होती.

बा त्याच मालकांकडं सालगडी होता. मी सातवीत असताना त्याच शेतात कोळप्याची पास हरवली. पास म्हणजे कोळप्याला खाली बसवलेलं लोखंडी पातं, दोन ओळींतलं तण कापत जाणारं. बा म्हणाला, चिखलात निसटली, संध्याकाळपर्यंत शोधली, सापडली नाही. मालक म्हणाले, भंगारात गेली. बानं साल अर्ध्यावर सोडलं आणि पुढं खडी फोडायला गेला. आता बा वारून चार वर्षं झाली होती, पण गावात ती पास जिवंत होती. निरोप्यानं मान खाली घालून सांगितलं की पारावर लोक म्हणतात, आधी पास, आता फूल.

मी शनिवारी गावी गेलो. माय सुपात डाळ निवडत बसली होती. मी वस्तीतला पहिला पदवीधर. धर्म बदलल्यावर वीसेक वर्षांत आमच्या माणसांनी लेकरांच्या शाळेसाठी जे सोसलं, त्याचं मी फळ होतो आणि ते मला रोज आठवत असे. तरी त्या दिवशी मी मायला फार जपून, फार हळू आवाजात विचारलं, तुला ते ओळीत कुठं दिसलं तर नाही ना? तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा डाळीतले खडे वेचू लागली.

मग मी मालकांच्या ओट्यावर गेलो. त्यांच्यावर मला रागावता येत नव्हतं, हे खरं सांगितलं पाहिजे. ते सरपंच असताना माझ्या शिष्यवृत्तीच्या कागदावर त्यांनीच सही केली होती, तीही एका हेलपाट्यात. त्यांनी ते आठवणही करून दिलं. म्हणाले, पोराकडं बघून गप बसलोय, न्हाईतर मागच्याच आठवड्यात ठाण्यात गेलो असतो. मी म्हणालो, मला आठ दिवस द्या, मी जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र आणतो. ओट्यावरच्या एकानं विचारलं, ते सोन्याचा वास घेतं का मंग. सगळे हसले. मालक हसले नाहीत. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी शोध, सोमवारी नांगर, असं ठरलं. सापडलं नाही तर सोमवारी नांगर शेतात आणि मालक ठाण्यात.

यंत्र आणतो म्हणालो खरा, पण ते मी फक्त चित्रात पाहिलं होतं. कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात त्याची जाहिरात असे. किंमत पौंडात. तो विषय तिथंच संपत होता. माझ्याजवळ एका महिन्याचा पगार होता आणि त्यातून खोलीचं भाडं जायचं होतं.

एक गोष्ट मात्र मला सुचली. जिथं शोधायचं तिथलीच माती बरोबर असावी. मी शेतातली पायलीभर काळी माती कापडी थैलीत भरली आणि अंबडहून जालन्याच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं थैली पायानं चाचपली, लगेज लागेल म्हणाला, आत माती आहे कळल्यावर माझ्या तोंडाकडं बघत पुढं गेला.

जालन्यात एका भंगारवाल्याकडं लष्करातून लिलावात आलेलं यंत्र आहे असं ऐकलं होतं. होतंही. लांब दांडा, खाली परातीएवढी चकती, पाठीवर बॅटऱ्यांची पेटी, कानाला लावायचं साधन. त्यानं वाळूत तांब्याची घागर पुरली आणि मला ऐकवलं. चांगला भरदार आवाज आला. भाड्यानं देतो, अनामत अमुक, म्हणाला. मला ते मनापासून आवडलं. असं यंत्र पाठीवर घेऊन शेतात उतरलो तर ओट्यावरचे लोक हसणार नाहीत, असं वाटलं. पैशांना हात घालणार तेवढ्यात थैलीची आठवण झाली. मी माती जमिनीवर ओतली आणि चकती वर धरली. मातीत काही नसताना यंत्र ओरडायला लागलं. आमच्या काळ्या मातीत बारीक लोखंडी कण असतात, चुंबक फिरवला तर त्याला चिकटतात. मी मुलांना वर्गात ते दाखवायचो. भंगारवाला म्हणाला, "मास्तर, लोक मातीतून सोनं काढतेत, तुम्ही सोन्यासाठी माती घेऊन फिरता."

स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांना लोक चाचा म्हणत. मीही म्हणालो आणि यंत्राचं विचारलं. त्यांनी रेडिओच्या पोटातून डोकं वर न काढता मला तीन गोष्टी विचारल्या. चीज केवढी, किती खोल, जमीन कशी. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी सांगितलं, हरभऱ्याच्या घाट्याएवढं फूल, जमिनीच्या वरच किंवा बोटभर खाली, कापसाची काळी जमीन. आणि थैली पुढं केली. ते खूष झाले.

"मंग मोठी रिंग बिलकुल न्हाई पाहिजे," चाचा म्हणाले. "मोठ्या रिंगला हंडा दिसतो, खोलवरचा. बारीक चीज तिच्यातून निसटते. छोटी रिंग घ्या. पण ती एका वेळी हातभरच जमीन बघंल. एकर बघायला महिना लागंल तुम्हाला."

म्हणजे स्वस्त आणि योग्य एकच होतं, पण शोधायची जागा आधी कमी करावी लागणार होती. चाचांनी खिशात मावणाऱ्या रेडिओच्या साहाय्यानं चालणारं यंत्र दोन दिवसांत बांधलं आणि थोड्या भाड्यानं दिलं. तांब्याच्या तारेचे वेढे घातलेली बशीएवढी रिंग, वेळूचा दांडा, त्याला बांधलेला रेडिओ. एकसारखी शिटी वाजायची. सोनं, तांबं आलं की शिटी बारीक होते, लोखंड आलं की जाड, असं त्यांनी मला कात्री आणि पितळी कुलूप ठेवून शिकवलं. माझ्या मातीवर शिटी बसवून दिली. दोन सूचना केल्या. उन्हानं शिटीचा सूर सरकतो, मधून मधून रेडिओची खुंटी पिळत जा. आणि जाड आवाज सोडून द्यायचा, नाहीतर शेतातले खिळे वेचत बसाल.

रविवारी सकाळी शेतात मालक, त्यांची सून, माय आणि बांधावर बघायला आलेले पाचपंधरा जण होते. चाचांनी सांगितलं होतं की जोडीचं फूल मिळालं तर त्यावर तपासून घ्या. मालकांना मी हे विचारलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. तेवढ्यात सुनेनं उजव्या कानातलं फूल काढलं आणि वाकून मातीवर ठेवलं. शिटी बारीक झाली. तिनं वर बघितलं आणि माझ्या मायला म्हणाली, "मावशी, मी तुमचं नाव नव्हतं घेतलं." मालकांनी सुनेला घरी जायला सांगितलं.

जाण्याआधी तिनं आपण कुठून कुठवर वेचलं ते दाखवलं होतं. बांधापासून बाभळीपर्यंत, चार ओळी. कापसाच्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या आणि रिंग त्यांच्या मधून जेमतेम जात होती. मी वाकून पुढं, माय खुरपं घेऊन मागं. पहिल्या तासातच आमचं बिनसलं. जाड आवाज आला की मी पुढं सरके, आणि माय तिथंच बसून खणायला लागे. बैलाच्या नालेचे खिळे निघाले, साखळीची कडी निघाली, विळ्याचं टोक निघालं. मी दोनदा सांगितलं की हे लोखंड आहे, वेळ जातोय. तिनं ऐकलं नाही. दुपारी ऊन चढलं, शिटी सरकायला लागली, बांधावरचे लोक कंटाळून पांगले. चार ओळी दोनदा झाल्या. बारीक आवाज तीनदा आला. एक पितळी बटण, एक सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, आणि एकदा काहीच नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा मी दांडा खाली ठेवला. मालक बाभळीखाली बसले होते. उद्याचं माझ्या डोळ्यासमोर दिसत होतं. मायनं दांडा उचलून माझ्या हातात दिला आणि बाभळीच्या पलीकडं, सखल भागाकडं बोट केलं.

मी म्हणालो, तिकडं त्या गेल्याच नव्हत्या.

"तिकडं बघ," माय म्हणाली. "पाणी साचायचं तिथं. बा तिथंच कोळपत व्हता त्या दिवशी."

"माय, आपल्याला फूल शोधायचंय."

"फूल त्यायचं. माह्यासाठी लोखंड बघ."

मला तेव्हा कळलं ती सकाळपासून काय खणत होती. मी रिंग फिरवायला लागलो. पहिल्यांदाच मी जाड आवाजासाठी कान देत होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एका जागी शिटी एवढी खाली बसली की रेडिओ बंद पडला असं वाटलं. माय वीतभर खणून थांबली, मग हातानं माती काढायला लागली. गंजलेलं, वाकडं, हातभर लांबीचं पातं निघालं. तिनं ते पदरानं पुसलं. टोकाला लोहारानं पाडलेल्या दोन खाचा होत्या. मालकांच्या सगळ्या अवजारांवर त्या असत.

मालक उठून आले. पातं हातात घेतलं, खाचांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ने घरी. लोहाराकडं दिली तर खुरपं व्हईल."

"म्या न्हाई नेत," माय म्हणाली. "तुमची हाय. तुमच्या हातानं न्या, पारावरून."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी ते पातं हातात धरून निघाले, आणि गावात जायला दुसरी वाट नव्हती.

फूल सापडलं नाही. सोमवारी नांगर लागला, पण मालक ठाण्यात गेले नाहीत, आणि पारावर पुन्हा कुणी काही बोललं नाही. माफी कुणी मागितली नाही. माय त्या शेतात पुन्हा कामाला गेली नाही.

माझं मात्र अजून राहिलं होतं. पास हरवली त्याच आठवड्यात बानं मला नवी कंपासपेटी आणून दिली होती. मी ती मॅट्रिकपर्यंत वापरली आणि ती कुठून आली हे कधी विचारलं नाही. न विचारण्याचं कारण मला ठाऊक होतं. पातं निघालं त्याच संध्याकाळी भाकरी खाताना मी सहज विचारावं तसं विचारलं.

"अंबडच्या बाजारात पोती वाहिली तेनं, दोन बाजार," माय म्हणाली. मग तिचा तव्यावरचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, सुपातली डाळ निवडताना पाहिलं होतं तसंच. "तू आज इचारतोस?"

मी घास गिळला. त्या दिवशी तिनं मला आणखी भाकर घेतोस का असं विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी यंत्र परत द्यायला जालन्याला गेलो. चाचांनी विचारलं, मिळालं? मी म्हणालो, लोखंड मिळालं. ते हळहळले. रिंग बदलून देतो, आवाज अजून साफ करतो, पैसे नकोत, म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांना वाटलं मी नाराज आहे, आणि त्यांनी माझ्या रिकाम्या थैलीत दोन संत्री घातली.