नीताच्या चित्रातला सूर्य

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याची नवी गाडी गॅरेजच्या खांबाला कुणी घासली, ते तीन महिन्यांनी का होईना, सांगितलं होतं. हे नाही — सात वर्षं झाली.

इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये राहणारी माझी मैत्रीण नीता एका जुन्या अमेरिकन चित्रकारावर फिदा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस — टेकड्या, धुकं, पाणी बघत बसायचा आणि कागदावर नुसते गोल आणि लाटा उतरवायचा. नीताही तसंच काढू लागली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मैत्रिणीला 'वा' म्हणायला आपलं काय जातं?

तर — त्या दिवशी मी तिच्याकडे जेवायला गेले होते. टेबलावर तिचं चित्र वाळत होतं. राखाडी टेकड्या, वर राखाडी आभाळ. वाढायला मदत करताना मी त्या आभाळावर वरणाची वाटी... टेकवली. टेकवली कसली, सांडलीच. लगेच टिपलं, पण हळद ती हळद. चांगला गोल डाग उमटला. सांगणार होते, खरंच — तेवढ्यात नीता आली आणि थबकली. "अगं, हा सूर्य मी कधी काढला? फ्लोमध्ये असलं की कळतच नाही यार!"

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला?

इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्यालाच. परीक्षक बाई त्या पिवळ्यासमोरून हलेनात. नीताने चित्र हॉलमध्ये लावलं, तेही काचेशिवाय — निसर्गाला श्वास हवा म्हणे. पण हळद उन्हाने उडते. मग? दर संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू असतं, तेव्हा मी बोटावरची हळद हळूच सूर्याला लावते. नीता बायकांना कौतुकाने दाखवते, रंग कसा मुरत चाललाय.

हसू येतं ना? मलाही यायचं. पण तो पिवळा तिला पुन्हा जमेना. दुकानातले सगळे पिवळे आणून झाले. कागद फाडून झाले. आणि या संक्रांतीला ती म्हणाली, हातात होतं ते एकदाच आलं, आता बास. ब्रशांचा डबा तिने वाण म्हणून माझ्या हातात ठेवला. डोळे भरले होते तिचे.

मी डबा घेतला. आणि निघताना, सवयीने, सूर्याला बोट लावलं.