रिफ्रेनचा अर्थ

परवा पडेगावच्या दवाखान्यात इंग्रजी पाटीवर ‘रिफ्रेन’ हा शब्द वाचला आणि बजाजनगरातली आमची शिकवणी डोळ्यांपुढं आली. पत्र्याची तापलेली खोली, खडूची धूळ आणि फळ्यापाशी उभ्या नसरीन मॅडम.

“रिफ्रेन म्हणजे एखादी गोष्ट करण्यापासून स्वतःला आवरणं,” त्या सांगत होत्या. “लॅटिनमधल्या लगामाच्या शब्दावरून आलाय. पण दुसऱ्याला अडवण्यासाठी तो वापरत नाहीत. आणि पुढं ‘फ्रॉम’ विसरायचं नाही.”

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या रेखाचे वडील दारात आले. “ऊठ गं. लग्न ठरलंय तुझं, आता दहावी-बिहावी काय नाय,” असं म्हणून ते मॅडमकडं वळले. “तुम्हीच बिघडवली हिला.”

मॅडमचे कान लाल झाले, बोटांतला खडू मोडला. आता त्या कडाडतील असं वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढं केली. “बसा भाऊ. लई ऊन आहे, आधी पाणी प्या.” मग हळूच म्हणाल्या, “पोरगी तुमचीच आहे. तेवढी परीक्षा देऊ द्या.”

ते बसले, पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला. “परीक्षेपुरतंच,” म्हणाले आणि एकटेच निघून गेले.

मॅडम घाबरल्या, असंच आम्ही पोरी घरी जाताना बोललो. आज वाटतं, त्यांचा आवाज जरा जरी चढला असता, तर वडिलांनी रेखाला तिथूनच ओढून नेलं असतं.

रेखा दहावी पास झाली. अकरावीच्या प्रवेशाला रांगेत तिच्यासोबत तिचे वडीलच उभे होते.