टिटवीची उंच अंडी

आमच्या घरात बियाण्याचा दाणा कधी कुणी खाल्ला नाही. भात कमी पिकलं तर आई दुकानातून तांदूळ आणी, पण बियाण्याच्या कणगीला हात लावत नसे. आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं तांबडं भात होतं ते. राहनाळला आमच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, मी शिक्षक होऊन शहरात धामणकर नाक्याजवळ राहायला गेलो, तरी बाबांनी मागचा एक तुकडा सोडला नव्हता. घर भाड्यावर चालायचं आणि बाबा त्या तुकड्यावर.

बाबांचं हवामान खातं म्हणजे टिटवी. तिनं सखल जागी अंडी घातली तर पाऊस बेताचा, बांधावर घातली तर मोठा. पूर्वी वैशाखात गावातली माणसं मुद्दाम विचारायला यायची. आता कोण विचारतो? ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये ढग आहेत.

गेल्या उन्हाळ्यात टिटवीनं गोडाऊनच्या स्लॅबवर, खडीत अंडी घातली. वॉचमननं सांगितलं, तसे बाबा जिना चढून बघून आले आणि लगेच मला फोन केला. "एवढ्या उंच कधी घातली न्हायत. यंदा पानी घरात येनार. रविवारी ये, बियानं माळ्यावर चढवायचं हाय."

गावात हसं झालं. "काका, टिटवी भाडं किती देते?" शेजाऱ्यानं विचारलं. माझाही टिटवीवर विश्वास नव्हता. पण म्हाताऱ्याचं समाधान म्हणून कणगीतलं भात प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरलं, झाकण घट्ट लावलं आणि पत्र्याखालच्या माळ्यावर चढवून आलो.

त्या उन्हाळ्याची आठवण आली की अजून संताप होतो. संध्याकाळ झाली तरी पत्र्याला हात लावता येत नव्हता. गावात जो तो एसीचं बोलत होता. "ऊन काय, दर वर्षीच पडतं," म्हणायचं आणि खिडक्या लावून घ्यायच्या. शेवटचं चिंचेचं झाड ट्रक वळायला जागा हवी म्हणून तोडलं, तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नाही.

बाबा रोज स्लॅबवर चक्कर टाकत. टिटवी खालच्या डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची. मग डबकं आटलं. बाबांनी परातीत पाणी ठेवलं, पण ती परातीजवळ फिरकली नाही. एक दिवस ती आलीच नाही. "बाबूजी, वहाँ तो चप्पल चिपकती है," वॉचमन म्हणाला, "अंडा क्या बचेगा?" खाली जमीनच उरली नव्हती, म्हणून बिचारी वर गेली होती. मला हे तेव्हा कळलं.

पाऊस लागल्यावर त्यांनी रोपांसाठी भाजून ठेवलेल्या राबात भात पेरलं. रोज उकिडवे बसून माती उकरून पाहायचे. दाणे फुगले, मऊ पडले, कुजले. मोड एकालाही आला नाही. मग मूठभर दाणे भिजवून गोणपाटात बांधून ठेवले, त्यांचंही तेच. बंद ड्रममध्ये, तापल्या पत्र्याखाली बियाणं मरून गेलं होतं. घरात पाणी काही शिरलं नाही. कणगीची जागा सगळा पावसाळा कोरडी आणि गार होती.

शेलार गावच्या आत्यानं पूर्वी आमचं बियाणं नेलं होतं. बाबांनी तिला फोन लावला. "आता कुठचं भात, दादा?" ती म्हणाली. "आमच्याकडं बी गाळेच हायत." बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. त्यांच्या मागे जायचा मला धीर झाला नाही.

गणपतीत आईनं ड्रममधलं उरलेलं भात गिरणीतून काढून आणलं आणि शिजवलं. घरभर वास सुटला. बाबांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"चव तीच हाय," ते म्हणाले.

आईनं भीत भीत विचारलं, आणखी वाढू का.

"वाढ," बाबा म्हणाले. "आता कशाला ठेवायचं?"