एकोणिसावा नियम

मृणाल देवस्थळीला कुणी दुखावलं तर ती रडत नसे की भांडत नसे. ती लक्षात ठेवी. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या या मुलीचा स्वभाव तिच्या आईला, शुभदाबाईंना, पक्का ठाऊक होता. "ही विसरत नाही हो," त्या शेजारणीला सांगत, "वाट बघते."

मानसशास्त्रात एम. ए. करूनही २००३ साली तिला नोकरी मिळाली ती गुडगावच्या एका कंपनीत फोन घेण्याची. कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत असे. नव्या वेबसाइटवर नाव-पत्ता भरला की माणूस घरी येऊन यंत्राचा डेमो दाखवी. पण लोक अर्ध्यातच अडकत आणि वैतागून फोन करत. मृणाल त्यांना शांतपणे विचारी, "आत्ता समोर काय दिसतंय? पहिली नजर कुठे गेली?" उत्तरं ती वहीत उतरवून घेई.

तीन वर्षांत त्या वहीत एकोणीस नियम झाले. अकरा मॉडेलं एकदम मांडली तर माणूस एकही निवडत नाही, तीनच मांडा. फोन नंबर आधी मागितला की संशय येतो, म्हणून आधी घरात माणसं किती ते विचारा, नंबर शेवटी. बटणावर नुसतं 'सबमिट' नको, दाबल्यावर काय होणार ते लिहा.

मार्केटिंगमधला विक्रांत पुण्याचा. त्या मजल्यावर मराठी बोलणारी ही दोघंच, त्यामुळे डबा एकत्र खात. "दोन दिवस दे ना यार, वाचतो," म्हणून त्याने वही नेली, परतही केली. पंधरा दिवसांनी मालकांसमोर रंगीत स्लाइडांवर ते एकोणीस नियम झळकले, आणि विक्रांत वेबसाइटचा प्रमुख झाला.

"माझं नाव?" तिने विचारलं.

"अगं, सुचतं सगळ्यांनाच. मांडता यावं लागतं."

मृणालने डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जेवू लागली.

वेबसाइट सुधारली, मागण्या वाढल्या, विक्रांतचं कौतुक झालं. मग दिवाळी आली आणि त्याने शेवटचा, एकोणिसावा नियम वापरला. 'थोडंच उरलंय म्हटलं की माणसाला हवंसं वाटतं.' वहीत त्याखाली आणखी एक ओळ होती. ती त्याला नकारघंटा वाटली होती, म्हणून त्याने स्लाइडवर घेतलीच नव्हती. तिन्ही मॉडेलांवर त्याने लाल पट्टी लावली. 'फक्त सात शिल्लक.' आज सात, उद्याही सातच.

चौथ्या दिवशी पहाडगंजहून इंदुमती काळ्यांचा फोन आला. आडनाव ऐकून मृणाल मराठीत बोलली.

"अगंबाई, आपलीच का तू? मग खरं सांग, कंपनी गुंडाळताय ना?"

"नाही हो मावशी."

"मग सात-सातच कशी उरलीत? आमच्या गल्लीत दुकान उठवायचं असलं की अश्शाच पाट्या लागतात. यंत्र काय, कुणीही विकेल. वर्षानं फिल्टर बदलायला कोण येणार, तू?"

मृणालने त्यांची खात्री पटवली. तारीख आणि इंदुमतीबाईंचे शब्द लिहून ठेवले. विक्रांत वीस पावलांवर बसला होता. ती उठली नाही.

असे फोन येतच राहिले. दर सोमवारी विक्रांत जाता जाता विचारी, "फोनवर काही विशेष?"

"चौकशा वाढल्यात," ती म्हणे. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं, आणि हे तिला नीट कळत होतं. तिला आणखी एक कळलं होतं. यश खाताना हा माणूस एकटा बसतो, पण अपयश आलं की त्याला पंगत लागते. ती त्या पंगतीच्या निमंत्रणाची वाट बघत होती.

पाच आठवड्यांनी मालकांनी दोघांना बोलावलं. "दिवाली में डेमो आधे कैसे रह गए?"

मृणालने एक्केचाळीस फोनांची यादी वाचून दाखवली.

"ये लाल पट्टी किसका आइडिया था?"

विक्रांतने तिच्याकडे पाहिलं. "सर, असल में नोट्स तो मृणाल के थे। मैंने तो बस..."

"कौन से नोट्स?"

"वही... उन्नीस पॉइंट। सब उसी के हैं।"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. मृणालने वही मालकांसमोर ठेवली. एकोणिसाव्या नियमाखालची मराठी ओळ तिनेच हिंदीत सांगितली. 'हा नियम आपल्याकडे नको. आपलं गिऱ्हाईक यंत्र एकदा घेतं, पण भरवसा दहा वर्षांचा घेतं.'

मालकांनी वही मिटली. "वेबसाइट आज से आप देखेंगी।" मग तिच्याकडे रोखून पाहत म्हणाले, "लेकिन आपको पता था। पाँच हफ़्ते चुप क्यों रहीं?"

"पट्टी लगाते वक़्त मुझसे पूछा नहीं गया, सर।"

"हं. याद रखूँगा।"

ते तिला लागलं. तरीही तिने एक मागणी केलीच. विक्रांतने सगळ्या ऑफिसला ई-मेल पाठवायचा, आत्ता, तिच्यासमोर.

विक्रांत कीबोर्डशी बसला. ती मागे उभी राहिली.

"'पहिला नियम मृणाल देवस्थळी यांचा.' लिही."

"सगळे मिळून एकाच वाक्यात लिहितो ना."

"नाही. एकोणीस नियम, एकोणीस ओळी. ओळी कुणी वाचत नाही रे, पण एकच नाव एकोणीस वेळा दिसलं की डोक्यात राहतं."

नवव्या ओळीला त्याची बोटं थांबली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अगं, पुरे ना आता. लोक हसतील."

"हसू देत."

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि आरामात बसली. साडेतीन वाजले होते, घरी नेणारी बस सहाला सुटायची.

"दहावा," ती म्हणाली.