साडेतीन फुटी समुद्र

समुद्र पाहायला जाण्यापेक्षा समुद्रच घरी आणणं सोपं, असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. माझ्या या भाऊजींची तुमसरला राइस मिल आहे. लग्न झाल्यापासून ताईची एकच मागणी: एकदा समुद्र दाखवा. दागिने नकोत, माडी नको, समुद्र. आणि तेव्हापासून भाऊजींचं एकच उत्तर: "हा हंगाम होऊ दे." तो हंगाम संपला की उन्हाळी धान येतं, तेही संपलं की मिलची डागडुजी निघते. खरं कारण वेगळंच होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मिल घराला लागून आहे, आणि तिची घरघर कानावर नसली तर भाऊजींना झोप येत नाही. मिल बंद असली की ते कूलर लावून झोपतात. थंडीत तोच कूलर भिंतीकडे तोंड करून, पाण्याशिवाय, नुसत्या आवाजासाठी चालतो. त्यामुळे परगावी मुक्काम नाही. बपेऱ्याच्या एका लग्नातून ते अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून इतक्या लवकर निघाले, की लग्नाला येणारी वरात त्यांना वाटेतच भेटली. त्यांनी गाडी थांबवली, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं, "सुखी राहा बाप्पा" म्हणाले आणि पुढे गेले.

दोन वर्षांपूर्वी ते मिलच्या मोटारीचा पट्टा आणायला नागपूरला गेले आणि एका दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी पाहून आले. आल्या आल्या मला फोन. "सालीबाई, यादी करा. समुद्र आणून राहिलो." आमच्या घरात कुणाला काहीही करायचं असलं की यादी माझ्याकडे येते. मी केली: साडेतीन फुटी काचेची टाकी, लोखंडी स्टँड, पंप, पाण्यातला फेस ओढून घेणारं यंत्र, दगड, वाळू, समुद्री मिठाच्या बादल्या, खारेपणा मोजायचं उपकरण, पाणी थंड ठेवायचं मशीन, इन्व्हर्टर. दुकानदाराने पाणी गरम ठेवायचा हीटरही लिहून दिला होता. तो मी खोडला. तुमसरच्या मे महिन्यात पाणी तापवण्यासाठी कुणी पैसे खर्च करू नयेत. यादी पुरी झाली तेव्हा भाऊजींनी आणखी एक वस्तू लिहायला लावली: खुर्ची. "कायले?" "तुमच्या ताईले बसाले. समुद्र काय उभ्यानं पाहते काय कोणी?"

मिलवाल्याची एक सवय असते. धान आलं की भाऊजी एक दाणा दाताखाली धरतात, कट्ट आवाज ऐकतात आणि ओलावा सांगतात. ओलावा मोजायचं मशीन टेबलावर आहे, ते नंतर पाहतात, मशीन बरोबर सांगतं की नाही ते तपासायला. समुद्रालाही त्यांनी हेच लावलं. बादलीत मीठ विरघळलं की एक बोट पाण्यात, मग जिभेवर, डोळे बंद. "अजून मूठभर." मग मी उपकरण पाहायचे. कधी त्यांचं बरोबर यायचं, कधी बादलीभर मीठ वाया जायचं, आणि वाया गेलं की दोष उपकरणाचा. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाजीत मीठ नसलं तं यायले पत्ता नाही लागत, अन् इथं चाखून राहिले!"

पाणी भरलं, पंप सुरू झाला, आणि मासे मात्र आणेनात. खाऱ्या टाकीचं पाणी दीड-दोन महिने नुसतं चालवावं लागतं, हे दुकानदाराने सांगितलं होतं. पण भाऊजींनी ते तांदळासारखं समजून घेतलं. "नवा तांदूळ कोणी पाव्हण्याले शिजवते काय? चिकट होते. पाणी बी मुरू द्या." तोवर गावभर बातमी झाली होती. धान विकायला आलेले शेतकरी, आडते, हमाल चपला काढून आत यायचे आणि टाकीसमोर उभे राहायचे. आत दगड आणि पाणी.

"मासे कुठी आहेत, शेठ?"

"येतीन. आधी पाणी पाहा."

लोक मान डोलवत पाणी पाहायचे. चहा पिऊन जायचे. अखेर दोन मासे आले, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. तलावांच्या या मुलुखात माणूस मासा पाहतो तो रस्स्याच्या अंदाजाने. पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "दोघात एक वाटी तरी होईन काय?" भाऊजी दुखावले. हे मासे समुद्रातले नाहीत, दुकानाच्या टाकीतच जन्मलेले आहेत, समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, असं त्यांनी त्याला कळवळून सांगितलं, जणू अनाथ पोरं सांभाळायला आणली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला खुर्चीत बसवलं. दिवा लावला. "पाहा. आला का नाही तुमचा समुद्र?" ताई बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "छान आहे हो. पण समुद्राच्या पल्याडचं दिसत नाही म्हणतेत. याच्या पल्याड तं आपलं कॅलेंडर दिसून राहिलं."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच भाऊजींना ते लागलं. आठवडाभर त्यांनी पाणी चाखलं नाही. मग एक दिवस माझ्या दारात. "पुरीची तिकिटं काढली. पण हे दोघं कोणाच्या भरोशावर?" मी कागद-पेन घेतलं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला शिकवलं: दाणे चिमूटभर, पाणी कमी झालं तर गोडंच घालायचं, "पाणी उडते, मीठ नाही उडत," आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर विसंबायचं नाही, येऊन पाहायचं. चाखायचीही परीक्षा घेतली. मी नापास झाले.

ते गेले. मी रोज सकाळी जाऊन एकेका कामावर खूण करत होते. तिसऱ्या दिवशी टाकीपुढे असताना फोन आला. मागे काहीतरी प्रचंड घरघरत होतं.

"सालीबाई, चाखून पाह्यला."

"काय?"

"समुद्र. कणभर मीठ कमी आहे. आपलं बरोबर आहे."

"झोप लागली काय तुम्हाले?"

"अवो, हे बंदच नाही होत! रातभर चालू. आपल्या मिलसारखंच. काहून नाही आलो इतके साल, काय माहीत."

"ताई काय करते?"

"सकाळपासून बसून आहे. खुर्ची आणून दिली भाड्यानं."

"काही बोलली?"

"म्हणते, पल्याड नाही दिसत."

मग आवाज बारीक करून म्हणाले, "एक काम करा. फोन काचेले लावा जरा. त्या दोघायले आयकू द्या. त्यायनं कुठं पाह्यला?"

या कामाला माझ्या यादीत जागा नव्हती. घरात दुसरं कुणी नाही हे मी एकदा पाहून घेतलं, ताईच्या खुर्चीत बसले आणि फोन काचेला लावला. मासे दगडाआड आपले फिरत होते, त्यांनी काही दखल घेतली नाही. काचेपलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. फोन बंद होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.