ठमीची झोप, दोन ते साडेतीन

सहलीचं ठरलं तेव्हा लिफ्टवाल्याने एकच अट घातली. ठमीच्या झोपेच्या वेळा पाळायच्या. सकाळी साडेनऊ ते पावणेअकरा, दुपारी दोन ते साडेतीन, आणि संध्याकाळी सात वाजता दिवसाचा कारभार बंद. बाकी कुठे जायचं, कुठल्या पाळण्यात बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

"अहो, त्यात काय एवढं!" साडू फोनवर म्हणाले. "तुमच्या राजकन्येची झोप ही आमची जबाबदारी."

साडूंची ड्रायव्हिंग स्कूल होती. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून क्लच, ब्रेक, समोर बघ, असं ओरडत राहिल्यामुळे घरातही त्यांना दुसऱ्या पद्धतीने बोलता येत नसे. थीम पार्कच्या हॉटेलात सामान टेकवायच्या आत त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद ठेवला. छापलेला, वर प्लॅस्टिकचं कडक आवरण. तीन दिवसांचा कार्यक्रम. साडेनऊ, होड्या. दोन, बाहुल्यांचा खेळ. सव्वादोन, अस्वलाबरोबर सगळ्यांचा फोटो. सात, आतषबाजी.

लिफ्टवाल्याने कागद दोनदा वाचला. जणू शोधून शोधून नेमक्या वेळा गाठल्या होत्या.

"दादा, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं ना! झोपेल की बाबागाडीत. पोरं कुठेही झोपतात. आमची तर सिनेमाला नेली तरी झोपायची."

लिफ्टवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती बॅगेत चप्पल शोधत होती आणि चप्पल काही सापडत नव्हती.

आता या माणसाला झोपेचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं. ठमी अकरा महिन्यांची. पहिले पाच महिने ती सलग तासभरसुद्धा झोपली नाही. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, पहाटे निघून अंधार पडल्यावर येणारी, त्यामुळे रात्रीची ड्यूटी याच्याकडे आली. दिवसा लिफ्टची दुरुस्ती, रात्री ठमी. असं चालू असताना एका सकाळी तो लिफ्टच्या डब्याच्या टपावर चढला आणि टपावरचं बंद करायचं बटण दाबायला विसरला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. पाचव्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली. जीव वाचला, पण डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली.

घरी बसावं लागलं, तेव्हा पट्टी बांधलेल्या हाताने वही धरून ठमी कधी जांभई देते, कधी कान ओढते, कधी उठते, सगळं तो लिहू लागला. तीन आठवड्यांनी त्यातून वेळापत्रक निघालं. दोन महिन्यांत पोरगी झोपायला लागली, आणि घरातली माणसं पुन्हा माणसांसारखी दिसू लागली.

सासरी मात्र त्याने एवढंच सांगितलं होतं की बोट दारात सापडलं. सोळा वर्षांचा कारागीर बटण विसरला, हे त्याच्या तोंडून निघेना. त्यामुळे साडूंच्या लेखी तो एक डोकं फिरलेला बाप होता. पाठीमागे ते त्याला 'आयाबाई' म्हणत. आणि पाठीमागे म्हणजे त्याला ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून.

पहिली संध्याकाळ वाईट गेली. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार होतं. लिफ्टवाल्याने खिडकीवर काळी चादर चिकटपट्टीने डकवली, ठमीला कुशीत घेतलं, तिचे डोळे जड झाले, आणि दार धाडकन उघडलं.

"चला, आतषबाजी! अजून अंधारात काय करताय?"

"दार लावा."

"अहो, पोरीला बघू दे की जरा रंग..."

"दार लावा म्हणतो ना!"

साडूंनी दार लावलं, पण पलीकडून टीव्ही मोठा केला. ठमी साडेनऊला झोपली. तोवर लिफ्टवाल्याने दाराच्या फटीत हॉटेलचे चारही टॉवेल कोंबले होते. सकाळी अंघोळीला टॉवेल नाहीत म्हणून बायको भडकली.

दुसऱ्या दिवशी सगळे होड्यांकडे गेले आणि तो बाबागाडी घेऊन उलट दिशेला. पाण्याच्या घसरगुंड्यांमागे पंपांची खोली होती. आतून संथ, एकसुरी घरघर येत होती. यंत्राचा आवाज त्याला कळत असे. चांगल्या स्थितीतली मोटर अशीच बोलते. भिंतीच्या सावलीत त्याने गाडी लावली. दहा मिनिटांत ठमी गाढ झोपली. त्यानेही भिंतीला पाठ टेकली.

"इथे थांबता येणार नाही." समोर गणवेशातली पहारेकरीण.

"बाई, हळू. बाळ झोपलंय."

"बाळाला झोपवायला बाळांची खोली आहे, गेटजवळ."

"तिथे पाच बाळं रडतायत. एकाचं थांबलं की दुसरं सुरू करतं."

"मग मी काय करू? माझी नोकरी घालवू? उठा."

तो उठला. गाडी थांबली की ठमी उठणार, म्हणून थांबायचीही सोय नाही. कारंज्याभोवती फेऱ्या मारायला लागला. उन्हात, घामाघूम, सव्वा तास. सतराव्या फेरीला साडूंची सहा वर्षांची मुलगी पळत आली. तिला या काकाचं भारी कौतुक. उंच पाळणा कशावर फिरतो ते वर बसून दाखवीन, असं त्याने तिला येताना गाडीत कबूल केलं होतं.

"काका, चला ना! रांग कमी झाली! काका!"

ठमीने डोळे उघडले, ओठ काढले.

"गप्प बस!" तो फिस्कारला. "तुझ्या बापासारखीच आहेस. दुसऱ्याचं काही दिसतच नाही तुम्हाला."

पोरगी एक पाऊल मागे सरकली. रडली नाही. वळली आणि चालत गेली, पळत नाही. त्याला तिला हाक मारायची होती, पण हाक मारली असती तर ठमी पूर्ण जागी झाली असती. म्हणून त्याने हाक मारली नाही. हे त्याला पुढे बरेच दिवस सलत राहिलं.

दुपारी दोनला मात्र नशीब उघडलं. बाहुल्यांच्या नाट्यगृहामागे एक झाडी होती, खाली गारवा. ठमी पाच मिनिटांत झोपली. बायको शेजारी बाकावर बसली.

"मी तोंड धुऊन येतो," तो म्हणाला. "गाडी हलवू नकोस. कुणाला हात लावू देऊ नकोस."

"हो रे बाबा. जा."

तोंड धुतलं, डोक्यावर पाणी मारलं, आणि परत येताना त्याला ठमीचं रडणं ऐकू आलं. मग ते एकदम थांबलं. ते थांबणं त्याने ओळखलं, रडताना तिचा श्वास आधीही असा अडकला होता, आणि तो धावत सुटला.

झाडीसमोरच्या चौथऱ्यावर सगळं कुटुंब ओळीने उभं होतं. मध्ये माणसाहून मोठं लोकरीचं अस्वल. साडूंनी ठमीला दोन्ही हातांनी अस्वलाच्या तोंडासमोर धरलं होतं. गाढ झोपेतून डोळे उघडले तर समोर टोपलीएवढं तोंड आणि दात. रडता रडता तिचा श्वास अडकला होता. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे पडत चाललेले. साडू तिला हलवत होते. "ए, ए, काय झालं? ए!"

लिफ्टवाल्याने पोरगी हिसकावून घेतली, तिच्या तोंडावर जोरात फुंकर मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ठमीने खोल श्वास ओढला आणि अशी किंचाळली, की अस्वलाने स्वतःचं डोकं काढून हातात घेतलं. आत घामाने निथळणारा, पन्नाशीचा माणूस.

"साहेब, मी हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला कोण बोलतंय!" लिफ्टवाला साडूंकडे वळला. "झोपलेल्या पोरीला उचललंत? अक्कल गहाण टाकली आहे का?"

"आवाज खाली. पाच मिनिटांचा तर फोटो होता."

"मेली असती ती!"

"नाटकं बंद कर!" साडू लाल झाले. नात्याच्या पाच वर्षांत पहिल्यांदा ते 'तू'वर आले. "काल आल्यापासून बघतोय. पडदे लाव, टीव्ही बंद कर, श्वास घेऊ नका! माझ्या मुलीला सकाळी काय बोललास तू? जेवली नाही ती. तू बाप आहेस की आया?"

लिफ्टवाल्याने एका हाताने खिशातला कार्यक्रमाचा कागद काढला आणि फाडायला गेला. प्लॅस्टिक फाटेना. दातात धरून ओढलं, तरी फाटेना. रांगेतली माणसं बघत होती, कुणीतरी हसलं. शेवटी त्याने कागद चुरगाळायचा प्रयत्न केला, तो पुन्हा सरळ झाला, तेव्हा त्याने तो शेजारून जाणाऱ्या होड्यांच्या पाण्यात भिरकावला. कागद बुडलाही नाही. तरंगत गेला.

"आणि तू," तो बायकोला म्हणाला, "तुला सांगून गेलो होतो ना?"

बायको चौथऱ्यावरून खाली उतरली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज थरथरत नव्हता.

"मीच म्हटलं त्यांना, उचला म्हणून."

"काय?"

"मीच गाडीचा पट्टा सोडला. मला एक फोटो हवा होता. माझा, माझ्या बहिणीचा, माझ्या मुलीचा. सहा महिन्यांत मी तिला दिवसाउजेडी जागी बघितलेली नाही. मी घरी येते तेव्हा ती झोपलेली, निघते तेव्हा झोपलेली. हात लावला की तू वही दाखवतोस."

"ती झोपते म्हणून तू कामावर जाऊ शकतेस."

"माहीत आहे. रोज ऐकवतोस."

मेहुणी मध्ये पडली. "अगं, पोर शांत झालंय, आता पुरे..."

"ताई, तू मध्ये बोलू नकोस," दोघंही एकदमच म्हणाले. त्या दिवसात नवराबायकोचं एकमत झालं ते एवढ्यापुरतंच.

चारच्या बसने तो ठमीला घेऊन निघाला. बायको अडवायला आली नाही. बाटल्या, पावडर, कपडे नीट लावून पिशवी तिने हॉटेलच्या दारात आणून ठेवली आणि आत गेली. बसमध्ये ठमी सहा तासांत चाळीस मिनिटं झोपली. बाकी वेळ ती खिडकीवर थापा मारत, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा चष्मा ओढत, खिदळत होती. लिफ्टवाला डोळे ताणून बसला होता. पलीकडची एक प्रवासी म्हणाली, "बाळाची आई नाही बरोबर?" त्याने ठमीला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

दोन दिवसांनी बायको आली. आल्या आल्या हात धुऊन तिने ठमीला घेतलं आणि तिला घेऊन दीड तास गच्चीत बसली. दुपारचे दोन वाजून गेले. तो जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

साडूंशी बोलणं तुटलं ते तुटलंच. भाचीची माफी मागायला त्याने दोनदा फोन केला. पहिल्यांदा साडूंनी आवाज ओळखून कट केला. दुसऱ्यांदा मुलीनेच उचलला. त्याने जे सांगायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तुमच्याशी बोलायचं नाही." आणि फोन नीट, सावकाश ठेवून दिला.

बोटाची खरी गोष्ट बायकोने त्या सहलीतच बहिणीला सांगून टाकली होती. हे त्याला महिन्याने कळलं. त्यावरून पुन्हा भांडण झालं. "मी का लपवू?" ती म्हणाली. "त्यांना तू वेडा वाटावास, त्यापेक्षा दमलेला वाटलेला बरा." साडूंना हे कळून काय वाटलं, ते कुणी सांगितलं नाही. त्यांच्याकडून निरोप आला नाही, एवढं खरं.

त्या भांडणाच्या शेवटी बायकोने आपली अट घातली. आठवड्यातले सहा दिवस वेळापत्रक त्याचं. रविवार तिचा. त्या दिवशी ठमी झोपेल तेव्हा झोपेल, त्याने चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या रविवारी साडेनऊ वाजले, दहा वाजले, ठमी फरशीवर बसून डबे आपटत होती आणि कान ओढत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एकदा पोरीकडे, एकदा भिंतीकडे बघत होता. बायकोने स्टूल घेतलं, भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं आणि खणात टाकून खण लावला.

"उद्या लाव," ती म्हणाली.

अकराच्या सुमारास केव्हातरी ठमी तिच्या मांडीवर झोपली. नेमकं किती वाजता ते त्याला कळलं नाही, आणि तो विचारायलाही गेला नाही. चपला घातल्या आणि काही काम नसताना बाहेर पडला.